‘द स्पेकल्ड बँड’: एका शेवटच्या वाक्याचा अर्थ लावताना

रहस्यकथेत मरणारा माणूस अर्धवट बोलून जातो, ही लेखकांची फार जुनी सोय आहे. खुन्याचं नाव ओठांवर यायला आणि प्राण जायला एकच गाठ पडते. अशी वाक्यं इतकी वाचून झालेली असतात की सराईत वाचक त्यांना भीक घालत नाही. आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द अॅडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड’ या कथेतलं ज्युलिया स्टोनरचं वाक्य मात्र निराळं आहे. त्यात काहीही लपवलेलं नाही. जे दिसलं ते तिने जसंच्या तसं सांगितलं, तेही दोनदा. तरीही ते ऐकणारा प्रत्येक जण चुकला, खुद्द शेरलॉक होम्स धरून.

ही शेरलॉक होम्सची कथा फेब्रुवारी १८९२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आली. १९२७ मध्ये डॉयलने स्वतःच्या आवडत्या बारा होम्सकथांची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक हिलाच दिला. पुढे रहस्य फोडल्याशिवाय गत्यंतर नाही, तेव्हा ज्यांनी कथा वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचून यावं. तासाभराचं काम आहे.

घटना

एप्रिल १८८३. सकाळी सकाळी हेलन स्टोनर नावाची तरुणी थरथरत लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होम्सकडे येते. दिसायला तिशीची, पण केस पांढरे व्हायला लागलेले. सरे परगण्यातल्या स्टोक मोरान या पडक्या वाड्यात ती सावत्र वडिलांबरोबर राहते. हे डॉक्टर ग्रिम्सबी रॉयलट एकेकाळी कलकत्त्यात दवाखाना चालवत. तिथे घरात चोऱ्या झाल्या म्हणून रागाच्या भरात त्यांनी आपल्या हिंदुस्थानी बटलरला मरेस्तोवर मारलं, फाशी थोडक्यात चुकवली आणि लांबलचक तुरुंगवास भोगून ते इंग्लंडला परतले. आता गावात त्यांचं कोणाशी पटत नाही. अंगणात एक चित्ता आणि एक बबून माकड मोकळं सोडलेलं असतं आणि वाड्याच्या आवारात जिप्सींचे तळ पडतात. डॉक्टरांची ऊठबस असलीच तर ती या जिप्सींशी.

दोन वर्षांपूर्वी हेलनची जुळी बहीण ज्युलिया लग्नाला पंधरवडा उरला असताना मेली. त्या रात्री झोपण्यापूर्वी ती हेलनच्या खोलीत गप्पा मारायला आली होती. डॉक्टरांच्या उग्र हिंदुस्थानी चिरुटांचा वास तिच्या खोलीत यायचा आणि तिला तो सोसवत नसे. जाता जाता तिने विचारलं, ‘रात्री कधी कोणाची शिट्टी ऐकलीस का?’ काही रात्री पहाटे तीनच्या सुमाराला तिला एक हलकी, स्पष्ट शिट्टी ऐकू येत होती. हेलन म्हणाली, त्या जिप्सींचीच असेल. जिप्सींचं नाव या प्रकरणात शिरलं ते इथे, ज्युलिया जिवंत असतानाच. हे ध्यानात असू द्या.

मग वादळी रात्री किंकाळी, हलकी शिट्टी आणि पाठोपाठ काहीतरी धातूचं आदळल्याचा आवाज. ज्युलियाचं दार उघडतं, ती झिंगल्यासारखी बाहेर येते, कोसळते, हातपाय झाडू लागते. हेलन तिच्यावर वाकते तेव्हा ती ओरडते: ‘ओह, माय गॉड! हेलन! इट वॉज द बँड! द स्पेकल्ड बँड!’ तिला आणखी काही सांगायचं असतं. बोट उगारून ती डॉक्टरांच्या खोलीच्या दिशेने हवेत खुपसल्यासारखं करते, पण पुन्हा आचके येतात आणि शब्द घशातच राहतात. तिच्या एका हातात जळून गेलेली आगकाडी असते, दुसऱ्या हातात काड्यांची पेटी.

दार आतून बंद होतं, खिडकीला भक्कम झडपा होत्या, भिंती आणि जमीन ठोकून पाहिल्या तर पोकळ नाहीत. अंगावर माराच्या खुणा नाहीत, विषाची तपासणीही करून झाली. मृत्यूचं कारण सापडलं नाही. हाताशी राहिले ते एवढे दोन शब्द: ‘स्पेकल्ड’, म्हणजे ठिपकेदार, आणि ‘बँड’.

‘बँड’ म्हणजे काय काय

आपल्याकडे बँड म्हटलं की आधी वरात डोळ्यांपुढे येते. पंधरा दिवसांवर लग्न आलेल्या मुलीच्या तोंडी हा शब्द ऐकून एखाद्या मराठी वाचकाने क्षणभर तसा विचार केला तर त्याला दोष देता येणार नाही. इंग्रजीतही तो अर्थ आहेच, पण कथेत तो कोणी मनावर घेत नाही. कामाचे अर्थ दोन. एक, माणसांची टोळी. दुसरा, पट्टा किंवा पट्टी, म्हणजे कापडाची, कातड्याची, नाहीतर नुसती रंगाची. मराठीत आणताना यांपैकी एकाची निवड करावीच लागते आणि निवड केली की कोडं तिथेच सुटतं किंवा कायमचं बिघडतं. म्हणून या लेखात मी शब्द ‘बँड’च ठेवला आहे.

हेलन होम्सला तीन शक्यता सांगते. एक, वाताच्या भरातली बडबड. दोन, माणसांची टोळी, कदाचित तेच जिप्सी. तिसरी जरा ओढूनताणून: जिप्सींपैकी बरेच जण डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात, त्यावरून बहिणीला ते चमत्कारिक विशेषण सुचलं असेल का? हेलनला पुस्तकी तर्कशास्त्र येत नसेल, पण तिने एक गोष्ट इमानदारीने केली. ‘टोळी’ हा अर्थ घेतला तर ‘ठिपकेदार’ या शब्दाचं करायचं काय, हा प्रश्न तिला पडला आणि तिने त्याला उत्तर शोधलं. उत्तर लंगडं आहे, पण प्रश्न बरोबर आहे.

होम्सने एवढंही केलं नाही. स्टोक मोरानला निघण्यापूर्वी तो आपल्या मित्राला, डॉक्टर वॉटसनला, आपला तर्क ऐकवतो: रात्रीची शिट्टी, डॉक्टरशी घसट असलेली जिप्सींची टोळी, मुलीचं लग्न मोडण्यात डॉक्टरचा स्वार्थ, मरताना केलेला ‘बँड’चा उल्लेख आणि खिडकीच्या झडपेची लोखंडी दांडी पडल्यावर येईल तसा आवाज. ही यादी सावकाश वाचा. ‘मरताना केलेला बँडचा उल्लेख’ एवढंच त्यात आहे. ‘स्पेकल्ड’ गळालं! जो माणूस टाचेच्या चिखलावरून गाव सांगतो, त्याने दोन शब्दांच्या पुराव्यातला अर्धा पुरावा टाकून दिला आणि वॉटसनलाही त्याचा पत्ता लागला नाही. वॉटसन फक्त विचारतो, पण मग जिप्सींनी केलं तरी काय? होम्स म्हणतो, कल्पना नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. नाम ओळखीचं वाटलं की विशेषण अडगळीत जातं. ‘बँड’ ऐकताक्षणी त्यांना टोळी आठवली, कारण टोळी अंगणातच बसली होती आणि तिचं नाव आधीच घेऊन झालं होतं. मग ठिपक्यांची कोणाला फिकीर!

चुकीच्या अर्थाच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. ज्युलिया ‘अ बँड’ म्हणत नाही, ‘द बँड’ म्हणते. मराठीत हा फरक शब्दाने दाखवता येत नाही, ‘एक टोळी होती’ आणि ‘त्या टोळीनेच केलं’ असं काहीसं म्हणावं लागेल. ‘द’ लावलं म्हणजे बोलणारीला आणि ऐकणारीला दोघींना माहीत असलेली गोष्ट. दोघींना माहीत असलेला बँड एकच, जिप्सींचा. त्याच रात्री त्यांच्याबद्दल बोलणं झालेलं. व्याकरणाने चालायचं तर हेलनचा अर्थ सरस ठरतो. पण ज्युलिया त्या घटकेला बहिणीच्या माहितीचा हिशेब ठेवून बोलत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर जे होतं ते तिच्यापुरतं ‘द’च होतं.

आगकाडीचा उजेड

उत्तर शब्दात नव्हतं, खोलीत होतं. होम्स ज्युलियाच्या खोलीत शिरतो तेव्हा त्याला तीन गोष्टी दिसतात. घंटा वाजवायची जाड दोरी पलंगावर लोंबते आहे, तिचा गोंडा उशीवर टेकलेला आहे, पण तिला घंटाच नाही. वर भिंतीत एक झरोका आहे, पण तो बाहेर उघडण्याऐवजी शेजारच्या खोलीत, म्हणजे डॉक्टरांच्या खोलीत उघडतो. आणि पलंग जमिनीला ठोकून पक्का केलेला आहे, तो हलवता येत नाही. कोणाला तरी दोरी, झरोका आणि पलंग एका रेषेत हवे होते. शेजारच्या खोलीत लोखंडी तिजोरी, तिच्यावर बशीभर दूध, आणि टोकाला फास केलेला कुत्र्याचा चाबूक. एवढं पाहिल्यावर होम्सला टोळी सोडून द्यावी लागली. अर्थ शब्दकोशातून आला नाही. पलंग का हलत नाही, या प्रश्नातून आला.

रात्री होम्स आणि वॉटसन त्या खोलीत अंधारात दबा धरून बसतात. झरोक्याशी उजेड लुकलुकतो, मग किटलीतून वाफ निघावी तसा बारीक आवाज येतो. होम्स काडी ओढतो आणि छडीने दोरीवर सपासप वार करतो. ‘दिसलं, वॉटसन? दिसलं?’ वॉटसनला काहीच दिसलेलं नाही. शिट्टी ऐकू आली, पण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम उजेड पडल्याने होम्स कशावर तुटून पडला आहे ते त्याला कळलं नाही.

हा बारकावा सहसा कोणी लक्षात घेत नाही, पण ज्युलियाच्या वाक्याचा खरा खुलासा हाच आहे. खोली तीच, अंधार तोच, आगकाडीही तशीच. मागून होम्सही कबूल करतो की तिने काडीच्या उजेडात ओझरतं जे पाहिलं तेच ती सांगत होती. डॉक्टर झरोक्यातून दोरीवरून साप सोडत होता, पण ‘साप’ म्हणायला डोकं, जीभ, हालचाल दिसावी लागते. तिला दिसला लांबट, ठिपक्याठिपक्यांचा पट्टा. ‘साप म्हणाली असती तर गोष्टच संपली असती’ असा आक्षेप या कथेवर नेहमी घेतला जातो. वॉटसनच्या दिपलेल्या डोळ्यांनी लेखकाने त्याला आधीच उत्तर देऊन ठेवलं आहे. जिथे वॉटसनसारख्या लढाईवर जाऊन आलेल्या माणसाला काहीच दिसत नाही, तिथे झोपेतून दचकून उठलेल्या मुलीला रंग आणि आकार दिसला हेच पुष्कळ. आणि तिचं बोट? ते तर पहिल्यापासून झरोक्याच्या बाजूलाच होतं. शब्दांचा कीस काढण्याच्या नादात बोटाकडे दुर्लक्ष झालं.

छडीने डिवचलेला साप झरोक्यातून परत फिरतो आणि मालकालाच डसतो. डॉक्टर खुर्चीत मेलेले सापडतात, डोक्याभोवती पिवळा, तपकिरी ठिपक्यांचा पट्टा घट्ट आवळलेला. होम्स पुटपुटतो, ‘द बँड! द स्पेकल्ड बँड!’ आता हेलनचा तो लंगडा तर्क आठवा: डोक्याला बांधलेले ठिपक्यांचे रुमाल. चित्र हुबेहूब तेच, फक्त डोकं जिप्सीचं नाही आणि रुमाल कापडाचा नाही. हे आपोआप झालं असेल असं मला वाटत नाही. डॉयलने चुकीच्या अर्थाला शेवटी खरं करून दाखवण्याची खोडी काढली आहे.

‘स्वॅम्प अॅडर’ नावाचं दुसरं कोडं

पट्टा हलतो, डोकं वर येतं आणि होम्स ठासून सांगतो: हा ‘स्वॅम्प अॅडर’, हिंदुस्थानातला सर्वांत जहाल साप, डॉक्टर दहा सेकंदांत मेला. इथून पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वाचक दुसऱ्या टोकाला गेले. ज्युलियाच्या शब्दांना कोणी पुरेसं गंभीरपणे घेतलं नव्हतं. होम्सच्या या दोन शब्दांना लोकांनी नको इतकं गंभीरपणे घेतलं. असा साप भारतात नाही. या नावाचा नाही आणि या वर्णनाचाही नाही. पण तो कोणता असावा यावर अमेरिकेतले नामांकित सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लाउबर यांच्यापर्यंत अनेकांनी गमतीगमतीत का होईना, शाई खर्च केली.

या चर्चेत मराठी वाचकाला घरचं मैदान आहे. शिराळ्याच्या नागपंचमीपासून सर्पमित्रांच्या व्याख्यानांपर्यंत साप आपल्या ओळखीचे आहेत आणि हाफकिनची लस कोणत्या चार सापांवर आहे हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ओळख परेड घेऊन बघू.

कथेतल्या सापाचं डोकं चपटं, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं आहे. म्हणजे घोणस किंवा फुरसं. त्याची मान फुगलेली आहे. म्हणजे नाग. दोन्ही एका सापात मिळत नाहीत. किटलीच्या वाफेसारखा आवाज वाचून कोणाही सर्पमित्राला घोणस आठवेल, तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा असतो असंच आपल्याकडे सांगतात. पण कथेतला आवाज हळुवार, झोप आणणारा आहे आणि घोणशीच्या फुत्काराने आजवर कोणाला झोप आलेली नाही. शिवाय घोणस म्हणजे जाडजूड, आळसट, जमिनीवरचं जनावर. लोंबत्या दोरीवरून रोज रात्री खाली-वर करायला ती तयार होणार नाही. आणि घोणस चावली की सूज येते, रक्त वाहतं. तपासणीला आलेल्याला ते दिसल्याशिवाय राहणार नाही.

मण्यारीच्या बाजूने बरंच बोलता येतं. ती रात्री हिंडते, झोपलेल्या माणसाला चावते, चावा दुखत नाही, दातांच्या खुणा शोधाव्या लागतात आणि सूज जवळपास नसतेच. ‘अंगावर खुणा नाहीत’ हे तिला चपखल बसतं. तिचीच बहीण पट्टेरी मण्यार, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बंगालात पाण्याच्या आसपास सापडते. पट्टा आहे, पिवळा आहे, पाणथळ आहे, कलकत्ता आहे! पण ठिपके नाहीत आणि डोकं चौकटचं नाही. तीही गेली.

राहिलेल्या गोष्टी तर कोणत्याच सापाला जमणार नाहीत. बशीतलं दूध पाहून आपल्याला हसू येतं. साप दूध पीत नाही, ते त्याला पचत नाही, हे दर नागपंचमीला घसा कोरडा करून सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपनं त्याला उत्तम कळतात, हवेतला आवाज थोडाफारच, त्यामुळे शिट्टी मारली आणि साप परतला हे कठीणच. आणि दहा सेकंदांत माणूस मरत नाही. बहुतेक वेळा तासांचा हिशेब असतो, म्हणून तर दवाखान्यात धावण्यात अर्थ आहे.

मग ‘स्वॅम्प अॅडर’चा अर्थ काय लावायचा? ज्युलियाच्या बाबतीत लावला तोच प्रश्न लावावा: बोलणाऱ्याने नेमकं काय पाहिलं होतं? ही कथा लिहीपर्यंत डॉयल भारतात आलेला नव्हता. १८८१ मध्ये जहाजावरचा डॉक्टर म्हणून तो पश्चिम आफ्रिकेला जाऊन आला होता. फुगणारा ‘पफ अॅडर’ हा साप आफ्रिकेचा आणि वाड्यातलं बबून माकडही आफ्रिकेचं, ते हिंदुस्थानातून कोणी पाठवूच शकत नाही. (चित्ता मात्र तेव्हा आपल्याकडे होता.) धागा मोहक आहे, पण पुरावा म्हणून मी तो पुढे करणार नाही.

त्यापेक्षा कलकत्त्याचा धागा मला जास्त पक्का वाटतो. सर जोझेफ फेअरर हे इंग्रज डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते. सापांच्या विषाचे प्रयोग त्यांनी कोंबड्या-कुत्र्यांवर केले आणि १८७२ मध्ये हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर चित्रांसहित मोठा ग्रंथ काढला. इंग्लंडातल्या वाचकाला, त्यातही डॉयलसारख्या एडिंबरात डॉक्टरकी शिकलेल्या वाचकाला, कलकत्ता, डॉक्टर आणि सर्पविष ही त्रयी नवीन नव्हती. रॉयलटला मद्रासला किंवा मुंबईला न ठेवता कलकत्त्याला ठेवलं, यात तेवढं शहाणपण दिसतं. रासायनिक तपासणीत न सापडणारं विष ही कल्पना पूर्वेकडे तयार झालेल्या हुशार, निर्दय डॉक्टरलाच सुचेल, असं होम्सही म्हणतो. सर्पविषावरची लस अजून यायची होती. म्हणजे ‘स्वॅम्प अॅडर’ हे प्राण्याचं नाव नाहीच, ते ‘हिंदुस्थानातलं काहीतरी भयंकर’ या भीतीचं नाव आहे. त्यात चार सापांचे अवयव एकत्र शिवले आहेत. ज्युलियाने पाहिलं तेवढंच सांगितलं. होम्सने पाहिलं त्याहून जास्त सांगितलं, आणि गंमत म्हणजे लोकांनी विश्वास ठेवला तो त्याच्यावर.

रंगमंचावर

१९१० मध्ये डॉयलने याच कथेचं नाटक केलं आणि ते लंडनच्या अडेल्फी थिएटरात लागलं. आता पेच असा की कथेत जे दोन शब्दांमागे लपून राहिलं ते इथे प्रेक्षकांना प्रत्यक्ष दाखवायचं. डॉयलने हौसेने खराखुरा, चांगला मोठा रॉक बोआ आणवला. एका समीक्षकाने लिहिलं की नाटकाचा उत्कर्षबिंदू एका धडधडीत खोट्या सापामुळे साधला गेला. या माणसाने त्या सापाबरोबर एक रात्र झोपून दाखवावं, आपण त्याला चांगली रक्कम देऊ, असं डॉयलला वाटून गेलं. आठवणींच्या पुस्तकात त्याने हे सगळं मजेत सांगितलं आहे. पुढे वेगवेगळे साप आणून पाहिले, पण अभिनय कोणाच्याच अंगात नव्हता. एक तर ते भोकातून निर्जीव घंटेच्या दोरीसारखे नुसते लोंबत राहायचे, नाहीतर शेपटीला चिमटे काढणाऱ्या रंगमंचाच्या सुताराचा समाचार घ्यायला मागे वळायचे. अखेर खोटेच साप वापरायचं ठरलं आणि सुतारासह सगळ्यांनी हेच बरं म्हणून मान डोलावली.